पिठाच्या मडक्याचा तळ

उपवासकाळातल्या या व्याख्यानमालेत ‘देव पुरवतो’ या विषयावर मी बोलणार, हे कळल्यावर घरून टोला आला : ज्यानं पिठाचा डबा कधी भरला नाही, त्यानं यावर काय बोलावं? टोला रास्त होता. म्हणून सुरुवात चुलीपासूनच करतो.

मिझोराममध्ये भात रांधायला घेताना बाई काढलेल्या तांदळातली एक मूठ बाजूला ठेवते. ‘बुहफाइ थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीतल्या स्त्रियांनी १९१० मध्ये ही चाल पाडली. घरोघरचे तांदूळ मंडळीत जमतात, विकले जातात आणि त्या पैशांवर सुवार्तिकांचे पगार व मंडळीची कामं चालतात. आज ही रक्कम वर्षाकाठी कोटींत जाते.

मला मात्र त्या कोटींपेक्षा १९११-१२ हे साल मोठं वाटतं. त्या डोंगरांत बांबूला फुलोरा आला की उंदीर माजतात आणि उभं पीक फस्त करतात. त्या दुष्काळाला ‘माउताम’ म्हणतात. मूठ काढायला सुरुवात होऊन धड दोन वर्षं होत नाहीत, तोच माउताम आला. चाल बंद पडायला याहून चांगलं निमित्त कुठलं? आणि ती तर अजून चालू आहे. मूठ काढायची ती रांधण्याआधी, हे विसरू नका. जेवून उरलेलं द्यायला विश्वास लागत नाही, डबा लागतो.

मुठीचं हे गणित आपल्याला परकं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहं गावोगावच्या आयाबायांच्या मूठमूठ धान्यावर उभी राहिली. त्याला मुष्टिफंडच म्हणत.

आता बायबलमधली सारफथची विधवा. तीही परक्या मुलखातली. अवर्षण पडलेलं, मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल. काटक्या गोळा करून शेवटची भाकर भाजायची, मायलेकांनी खायची आणि मरायचं, असा तिचा हिशोब. एलीया संदेष्टा तिला म्हणतो, आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर. माझ्या सुनेनं ऐकलं तर म्हातारा आगाऊ आहे असंच म्हणेल! पण ती करते, आणि पाऊस येईपर्यंत पीठ संपत नाही. मडकं काठोकाठ भरलं असं मात्र शास्त्र कुठंच सांगत नाही. संपलं नाही, एवढंच. म्हणजे रोज सकाळी तिला तळच दिसत असणार, आणि रोज त्या तळातून आधी दुसऱ्यासाठी काढायचं. ‘एक द्या, दहा मिळवा’ असं सांगणारे प्रचारक हल्ली पुष्कळ झालेत. त्यांनी या बाईच्या मडक्यात एकदा डोकावून पाहावं.

येशूनं ज्यातून जमावाला जेवू घातलं, त्या जवाच्या पाच भाकरी आणणाऱ्या मुलाचं नावही योहानानं दिलेलं नाही. एवढ्यांना हे कसं पुरणार, हा हिशोब शिष्य अंद्रियानं केला. मुलानं केला नाही.

असा हिशोब न करणारी आपल्याकडची बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या कामाला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकन साहाय्यक मंडळाची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. त्याआधीच्या दुष्काळातून उचलून आणलेल्या सुमारे तीनशे मुली तेव्हा पदरात होत्या. पुढं १९०० च्या दुष्काळात त्यांनी दार लावून घेतलं नाही आणि केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेले होते. रिकामं मडकं काय असतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी वाटतं, त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांच्या औदार्यावर आपण इतकं बोलतो, पण ते निभावणाऱ्या बाईवर किती? हातावर ठेवणारा एक आणि डबा खरवडणारी दुसरी. विश्वास दोघांपैकी कुणाला जास्त लागला असेल, हे तुम्हीच ठरवा.

आमच्या गावच्या मंडळीत कापणीच्या सणाला उपासनेनंतर लिलाव होई. अंडी, कोंबडी, गवारीच्या शेंगा, जे आलं असेल ते. एका वर्षी एका म्हातारीनं एकच भोपळा आणला. ज्यानं तो घेतला त्यानं पैसे देऊन भोपळा परत टेबलावर ठेवला. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्या बोलीला माझी आई उभी राहिली. पाळकसाहेबांनी हसत विचारलं, “बाई, परत देणार ना?” आई म्हणाली, “नाही, आमच्याकडे पाहुणे आहेत.” घरी आल्यावर तिनं भोपळा चिरला, भाजी फोडणीला टाकली आणि बिया राखेत घोळून सुपात वाळत घातल्या.