सांघिक भांडी आणि विहाराची चावी

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाच्या भाषणाला विषय कसा, तर भारदस्त हवा. धम्मक्रांती, सामाजिक परिवर्तन, असं काहीतरी. आम्ही मात्र आज भांड्यांवर बोलणार आहोत. हसताय, हसा. पण टोप, पातेली, पराती, सतरंज्या, खुर्च्या, माईक, पाण्याची टाकी, कपाटातली पुस्तकं आणि या सगळ्यावर जे कुलूप आहे त्याची चावी, यावरून आपल्या वाड्यांवर जेवढी भांडणं होतात तेवढी धम्माच्या प्रश्नावर होत नाहीत, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

वर्षावासात ग्रंथवाचनाच्या निमित्ताने आम्ही शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाड्यांवर जातो. किन्हवली, डोळखांब, खर्डीकडे जातो, तसे सरळगाव, धसई, टोकावड्याकडेही जातो. आपल्याकडचं विहार म्हणजे नुसतं वंदनेचं ठिकाण नसतं. तिथं लग्न लागतं, नामकरण होतं, जलदान विधीच्या पंगती बसतात. तिथंच पोलिओचा डोस पाजतात, बचत गटाची बैठक भरते, आणि पावसात कुणाची भिंत पडली तर ते कुटुंब चार दिवस तिथंच पथारी टाकतं. कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगरला कामाला असलेली आपली माणसं पगारातून वर्गणी देतात, त्यातून एका वर्षी खुर्च्या येतात, एका वर्षी माईक येतो. ज्याच्या मुलीचं लग्न वैशाखात आहे आणि ज्याच्याकडे रोजच्या मजुरीशिवाय दुसरं काही नाही, त्याला मंडपवाल्याचं बिल आणि विहाराची भांडी यांतला फरक विचारा. कर्ज काढायचं की नाही काढायचं, एवढा तो फरक आहे.

वस्तू घेताना आपला उत्साह दांडगा. देणगीदाराचं नाव पातेल्यावर मशीनने कोरून घेतलं जातं, फोटो निघतो, टाळ्या होतात. पुढे काय होतं? लग्नाला नेलेला टोप बारशाला सापडत नाही. झारा एकाच्या घरी, पळी दुसऱ्याच्या घरी. आणि पातेल्यावर विहाराचं नाव कोरायचं राहून गेलेलं असतं, नुसतं देणाऱ्याचं असतं, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनी नातू उभा राहतो नि म्हणतो, हे तर आमच्या आजोबांचं. खोटं बोलत नाही तो. नाव आजोबांचंच आहे!

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आजचा नाही. विनयपिटक उघडून बघा. चुल्लवग्गात पाच प्रकारच्या वस्तू सांगितल्या आहेत, ज्या संघाच्या असतात आणि कुणालाही देऊन टाकता येत नाहीत. आराम आणि त्याची जागा, विहार आणि त्याची जागा, मंच-पीठ-गाद्या-उशा, मग धातूची भांडी, कढया, त्यांच्याच जोडीला वाकस, कुऱ्हाड, कुदळ, आणि शेवटी वेल, बांबू, गवत, माती, लाकडाच्या नि मातीच्या वस्तू. एकट्या भिक्खूने तर नाहीच, पण सगळ्या संघाने मिळूनसुद्धा त्या देऊ नयेत, आणि दिल्या तरी त्या दिल्या असं होत नाही. कढई आणि कुदळ, बघा! निब्बाणाची वाट दाखवणाऱ्या शास्त्याच्या शासनात कढईचाही हिशेब आहे.

भिक्खूंच्या पाचित्तिय नियमांतला चौदावा नियम तर जणू आपल्या खुर्च्यांसाठीच आहे. सावत्थीला थंडीच्या दिवसांत भिक्खूंनी संघाचे मंच नि पीठं उघड्यावर मांडून ऊन घेतलं, आणि निघून जाताना ती आत ठेवली नाहीत, कुणाला सांगितलंही नाही. सगळं भिजलं. तेव्हा नियम झाला की, संघाची वस्तू बाहेर काढली तर जाताना स्वतः उचलून ठेवा, नाहीतर दुसऱ्याकडून ठेववून घ्या, निदान सांगून तरी जा. न केल्यास दोष. आता आपली सतरंजी जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं असते, ते आम्ही सांगत नाही.

भांडार सांभाळायला कोण नेमावा, तेही महावग्गात आहे. त्याला भांडागारिक म्हणत. त्याच्यात पाच गुण पाहायचे. आवडीपोटी पक्षपात करणारा नको, द्वेषापोटी करणारा नको, मोहाने नको, भीतीने नको, आणि पाचवा गुण म्हणजे काय नीट ठेवलं आहे आणि काय नाही, हे त्याला माहीत असावं. यात तो श्रीमंत असावा, पुढारी असावा, कमिटीचा अध्यक्षच असावा, असं कुठं म्हटलेलं नाही. आपल्याकडे चावी बहुतेक वेळा ज्याचं घर विहाराशेजारी असतं त्याच्याकडे जाते, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे. मग भाऊबंदकीत बोलणं बंद झालं की अर्ध्या वाडीला विहार बंद.

आमचं म्हणणं असं की चावी महिला मंडळाकडे द्या. जिथं जिथं बायकांच्या ताब्यात भांडार आहे, तिथं आम्हाला टोप जाग्यावर दिसले, आणि चिंध्या झालेल्या सतरंजीलासुद्धा ठिगळ दिसलं. बचत गटामुळे त्यांना वही ठेवायची सवय आहे. वही म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. कुणी नेलं, कधी नेलं, किती नग नेले, नेताना पोचा होता की नव्हता, परत कधी आलं, आणि दोघींच्या सह्या. आता मोबाईल हातात आहे, एक फोटो काढून ठेवावा. लग्नाला थोडी अनामत घ्यावी, ती परतताना द्यावी. मयताला मात्र अनामत मागू नये. त्या घरी त्या वेळी पैसे मोजायला कुणाचे हात चालत नाहीत.

पुस्तकांचं कपाट हा तर वेगळाच विषय आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले, ते अनेक विहारांत आहेत, काचेच्या आड आहेत, हार घातलेले आहेत. पण वाचायला मिळत नाहीत, कारण खराब होतील! २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहं होती तशी वाचनालयंही होती, आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात सभेचं वसतिगृह सुरूही झालं. सभा होऊन सहा महिनेही झाले नव्हते. आपल्या मुलांना काय लागतं? एक दिवा, दोन बाकं, पंखा, आणि संध्याकाळी सात ते दहा शांतता. एका खोलीच्या घरात टीव्ही चालू असताना दहावीची मुलगी अभ्यास कुठं करणार? युवकांनो, कॅरम बोर्डाला आमचा विरोध नाही, तो दिवसा खेळा. आणि मुली रात्री दहापर्यंत बसायच्या तर विहाराला संडास हवा, त्याला आतून कडी हवी, बाहेर दिवा हवा. हे बोलताना पुरुषमंडळी खाली का बघतात, कळत नाही.

आता कागदाचं बोलू, थोडक्यात. आपल्याकडे दोन प्रकारच्या इमारती आहेत. वर्गणीतून बांधलेलं विहार, आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाच्या किंवा आमदार-खासदार निधीतून बांधलेलं समाजमंदिर. खासदार निधी १९९३ साली सुरू झाला. त्यातून पूजास्थानाच्या आवारात काम करता येत नाही, पण समाजमंदिर बांधता येतं. अशा सरकारी पैशाच्या इमारतीवर सगळ्या गावाचा हक्क असतो, हे आपण ओळखून असावं. वर्गणीच्या विहाराचं मात्र सगळं आपल्यावर. जागेचा उतारा कुणाच्या नावावर आहे? वीजमीटर कुणाच्या नावावर आहे? संस्था नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दिला आहे का? अनेक ठिकाणी कागदावर अजून वारलेल्या माणसांचीच कमिटी आहे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन पाडलं गेलं, बुद्धभूषण प्रेसची ती जागा. तेव्हा आपण सगळे रस्त्यावर आलो. त्यानंतर आपापल्या विहाराचा उतारा किती जणांनी काढून पाहिला, ते ज्याने त्याने आठवावं.

आणि आता ज्याच्यासाठी आम्ही खरं तर इथं उभे राहिलो, तो मुद्दा.

गावातल्या दुसऱ्या आळीतलं कुणी, किंवा कातकरी वाडीवरचं कुणी, विहारातली भांडी मागायला आलं, बोअरिंगचं पाणी मागायला आलं, तर द्यायचं का? यावर वाड्यांवाड्यांत दोन तट आहेत. वडीलधारी माणसं म्हणतात, आमच्या आईला विहिरीपासून लांब उभं राहून ओंजळीत पाणी घ्यावं लागलं, तेव्हा यांच्यातलं कुणी बोललं नाही, आता आमच्या दारात कशाला? हे बोलणं खरं आहे. ज्यांनी सोसलं त्यांना आम्ही शहाणपण शिकवणार नाही.

पण एवढं आठवू या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचं ठरलं. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं, काठावर बंद. बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी ओंजळ भरून पाणी प्याले तेव्हा ते उघडलं, आणि कोर्टात त्याचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. तो लढा पाणी बौद्धांचं व्हावं म्हणून नव्हता. पाणी कुणा एकाचं नसावं, यासाठी होता.

पाण्याची गोष्ट निघाली तर आपलेच दोन तालुके बघा. तानसा धरण १८९२ सालचं, शहापूर तालुक्यातलं. भातसाही इथलंच. दोन्हींचं पाणी मुंबई पितं, आणि उन्हाळा लागला की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. त्या रांगेत बौद्ध बाई असते, ठाकूर बाई असते, कातकरी बाई असते, कुणबी बाई असते. तहान सगळ्यांची एकच असते.

मुरबाडहून माळशेजकडे निघालं की वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट चढते. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणचा माल त्या वाटेने जुन्नरकडे जायचा. तिथं कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत लेख आहे, सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेली पोढी, म्हणजे टाकं. माणसाचं नाव, गावाचं नाव, आणि दान. बस. तो कुठल्या धर्माचा, त्याने पाणी कुणी प्यावं आणि कुणी पिऊ नये, यातलं एक अक्षर नाही. कान्हेरीच्या लेण्यांतही अशी टाक्यांची दानं कोरलेली आहेत, देणाऱ्यांत कल्याणचे लोक आहेत. डोंगराचं पावसाचं पाणी पन्हाळीने त्या टाक्यांत उतरवलेलं आहे. आपल्याला ते आज जमू नये? आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. विहाराचं छप्पर साठ चौरस मीटर धरलं तर त्यावर एका पावसाळ्यात १ लाख २० हजार लिटर पाणी पडून ओढ्याला जातं. सगळं साठवायला कोण सांगतंय? दहा हजार लिटरची झाकणाची टाकी परतीच्या पावसात भरून ठेवली तरी उन्हाळ्यातल्या लग्नांच्या भांडी घासण्याचं पाणी सुटतं, आणि बोअरिंगवरचा ताण कमी होतो.

म्हणून आमची सूचना अशी. आधी आपल्या वाडीची तारीख, मग रिकाम्या तारखेला जो मागेल त्याला भांडी द्या. वही तीच, अनामत तीच, जात विचारायची नाही. वीटभट्टीवरून परतलेल्या कातकरी कुटुंबाने पोराच्या लग्नाला विहाराचा टोप नेला आणि घासून परत आणला, तर त्या टोपाला काही होत नाही. परत नाही आणला तर वहीत नाव आहे, जाऊन मागा, जसं आपल्या भावकीकडे मागता तसंच.

हे सगळ्यांना पटेल असं नाही. पटत नसेल त्यांनी उभं राहून बोलावं, आम्ही ऐकायला थांबणार आहोत. पाठीमागे कुजबुज नको.

आता शेवटचं, मग जेवायला बसू. महिला मंडळाच्या भगिनींनी दोनशे पानी वही आणली आहे, ती बुद्धमूर्तीजवळच्या टेबलावर आहे. आजच्या पंगतीची भांडी घासून झाली की कुलूप लावण्याआधी सगळी सभामंडपात मांडायची, मोजायची आणि पहिल्या पानावर लिहायची. ज्यांच्या घरी विहाराचा झारा, पळी, परात, काही असेल त्यांनी संध्याकाळच्या वंदनेला येताना घेऊन यावं. कुठून आलं, किती वर्षं होतं, कुणी विचारणार नाही. आणि युवक मंडळातल्या दोघांनी आमच्याबरोबर शिडी घेऊन या, छपराची पन्हाळ कुठून काढायची ते उजेड आहे तोवर बघून घेऊ.

नमो बुद्धाय, जय भीम!