संपादकाची रुचि आणि स्त्रियांचा वेष

वेषाची चर्चा ही रिकामपणची चर्चा, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वास्तविक मनुष्य काय नेसतो यावर तो किती मोकळेपणानें चालूं शकतो, कोणतें काम करूं शकतो आणि चारचौघांत कोणत्या मानानें वावरतो, हें पुष्कळसें अवलंबून असतें. स्त्रियांच्या बाबतींत तर हें अधिकच खरें. म्हणून स्त्रियांच्या मासिकाचा संपादक जेव्हां मुखपृष्ठासाठीं एखादें चित्र निवडतो, तेव्हां तो केवळ शोभेची निवड करीत नसतो. कसें दिसावें, आणि त्याबरोबरच कसें वागावें, याचा एक नमुना तो घरोघर पाठवीत असतो. ही रुचि त्याच्यापाशीं येते कोठून, हें पाहण्याजोगें आहे.

मराठींत याचें बोलकें उदाहरण म्हणजे शंकर वासुदेव किर्लोस्कर. 'शंवाकि' या नांवानें ते वाचकांना परिचित होते. त्यांचा जन्म १८९१ सालचा आणि मृत्यु १९७५ सालचा. १९२० सालीं त्यांनीं 'किर्लोस्कर खबर' हें पत्र काढलें. तेंच पुढें 'किर्लोस्कर' मासिक झालें. १९३० च्या ऑगस्टांत 'स्त्री' निघालें आणि १९३४ सालीं 'मनोहर'. नांगर तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या वसाहतींतून, पुण्यामुंबईपासून दूर, हीं मासिकें निघत होतीं. 'स्त्री' हें कांहीं निव्वळ वेषभूषेचें मासिक नव्हे. विवाह, शिक्षण, अर्थार्जन, रूढि हे त्याचे मुख्य विषय. परंतु नव्या मराठी स्त्रीचें रूप कसें असावें, हें चित्रांच्या द्वारें महिन्यामहिन्याला घरांत आणून ठेवण्याचें कार्य त्यानें केलें, यांत शंका नाहीं.

या संपादकाची दृष्टि मूळची चित्रकाराची होती. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे वेदांचे व्यासंगी म्हणून ख्यात असले तरी ते मुंबईच्या कलाशाळेंत शिकलेले चित्रकार होते. लाहोरला त्यांच्यापाशीं शंकररावांनीं चित्रकलेचे धडे घेतले. त्यांचे चुलते लक्ष्मणराव हेही त्याच कलाशाळेचे विद्यार्थी. रंगांधळेपणामुळें त्यांना रंग सोडून यंत्रांकडे वळावें लागलें. किर्लोस्करवाडीला १९१० सालीं जागा दिली ती औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार, आणि सूर्यनमस्काराचे कट्टे पुरस्कर्ते; स्त्रियांनींही नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह असे. शरीर निरोगी आणि हालचाल मोकळी असावी, दागिना नंतर, ही विचारसरणी त्या परिसरांतच होती. तिकडे रत्नागिरीस १९२४ ते १९३७ पर्यंत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे बुद्धिवादी निबंध 'किर्लोस्कर' मासिकांत येत, आणि रूढीकडे निर्भयपणें पाहण्याची संवय वाचकांना लागे. 'किर्लोस्कर' व 'स्त्री' यांच्या मुखपृष्ठांवर वाचणारी, खेळणारी, घराबाहेर पडलेली तरुणी दिसूं लागली, ती या वातावरणांतून.

परंतु संपादकाच्या आधींच समाजाची रुचि घडविणारे दुसरे कलावंत होऊन गेले होते. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला आणि साडी नेसलेल्या देवता व पौराणिक नायिका भिंतीभिंतीवर नेल्या. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनीं निरनिराळ्या जातींच्या व प्रांतांच्या स्त्रियांचे वेष बारकाईनें रेखाटले. १९२० सालीं निघालेल्या ऑटो रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथांत त्यांचीं तीं चित्रें आहेत. रंगभूमीवर बालगंधर्व १९११ सालीं 'मानापमाना'ची भामिनी होऊन उभे राहिले. पुढें रुक्मिणी झाले, सिंधू झाले. त्यांचें लुगडें, त्यांची केशरचना, त्यांचा गजरा यांचें अनुकरण घरंदाज स्त्रियांनीं केलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. चित्रकार पुरुष, नट पुरुष आणि संपादकही पुरुष. स्त्रीनें कसें दिसावें हें तिघांनीं सांगितलें. ज्यांना तें वस्त्र नेसून दिवसभर वावरावयाचें, त्यांचा शब्द त्यांत फारसा नव्हता.

आणि वस्त्राची खरी कसोटी तर वावरण्यांतच लागते. ती पाहावयाची तर रत्नागिरी जिल्ह्यांतील जयगडसारखें ठिकाण घ्यावें. शास्त्री नदीच्या मुखाशीं किल्ला, दीपगृह आणि बंदर असें हें गांव. आज तेथें मोठें आधुनिक बंदर आहे; पण आगबोटींच्या काळांत मुंबईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या बोटी तेथें थांबत, आणि मुंबईचें कापड, मुंबईची बातमी व मुंबईची नवी रीत कोंकणांत उतरे ती अशाच बंदरांवर. पावसाळ्यांत बोटी बंद झाल्या कीं शहराची नवलाई चार महिने थांबलेली असे. या किनाऱ्यावर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ओल्या वाळूंतून चालणारी, होडीपाशीं गुडघाभर पाण्यांत उतरणारी स्त्री कासोटा घालून लुगडें नेसे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. पण कासोट्यामुळें दोन्ही पाय मोकळे, आणि पदर कमरेस खोचला कीं दोन्ही हात मोकळे. तिला हा वेष कोणा चित्रानें शिकविला नव्हता.

याच सुमारास शहरांत सकच्छ आणि विकच्छ नेसण्याचा वाद चालला होता. पांच वारांचें, म्हणजे साडेचार मीटरांहून थोडें अधिक, गोल पातळ हें सुधारणेचें लक्षण ठरलें, आणि जुन्या वळणाच्या मंडळींना तें उच्छृंखल वाटलें. गंमत अशी, कीं पाऊल मोकळें टाकण्याच्या दृष्टीनें जुना वेषच अधिक सोयीचा होता. तरीही तरुणींनीं गोल पातळ पत्करलें. कारण त्यांना केवळ सोय नको होती, स्वतः निवड केल्याचें समाधान हवें होतें. पुढें १९४३ सालीं सरकारनें कापडावर नियंत्रण घातलें आणि टंचाईच्या त्या दिवसांत थोड्या कापडांत भागणारा वेष अधिकच पसरला. १९४१ सालीं लीला चिटणीस यांचें चित्र लक्स साबणाच्या जाहिरातींत झळकलें. रुचि घडविणारा चौथा गुरु, म्हणजे व्यापार, तेव्हां उघडपणें पुढें आला.

या सर्वांत 'स्त्री'च्या संपादकाचें वैशिष्ट्य कोणतें? त्यानें चांगलें चित्र निवडलें एवढेंच नव्हे. चित्राच्या पुढच्या पानांवर त्यानें स्त्रियांनाच लिहावयास लावलें. चित्रांत दाखविलेली स्त्री आणि लेख लिहिणारी स्त्री यांची गांठ एकाच अंकांत पडूं लागली. त्यामुळें वाचकाला दिलेला नमुना हा हुकूम राहिला नाहीं. त्यावर वाचकालाही बोलतां येऊं लागलें. पुढें विद्या बाळ यांच्यासारख्या स्त्रीकडे त्याच मासिकाच्या संपादनाची धुरा आली, ही त्या मार्गाची स्वाभाविक परिणति होती.

आज नऊवारी नेसणें बहुतेक शहरी घरांत सणासमारंभापुरतें उरलें आहे, आणि तीही पुष्कळदां शिवलेली, तयार मिळते. ज्या वेषांत कष्ट झाले तोच आतां शोभेचा झाला. यांत खेद मानण्याचें कारण नाहीं, वेष हे बदलणारच. पण आजच्या मासिकांचे संपादक पॅरिस आणि मुंबई यांच्याकडे पाहतात तेव्हां त्यांनीं जयगडच्या धक्क्याकडेही पाहावें. नव्या वस्त्रानें स्त्रीचें पाऊल मोकळें होतें कीं अडतें, आणि तें निवडतांना तिला विचारलें होतें काय, हे दोन प्रश्न ज्या संपादकाच्या मनांत जागे असतात, त्याच्या रुचीवर वाचकांनीं विसंबावें.