शिध्याचा फोटो

आमचा जरीपटका म्हणजे 1947च्या फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वस्ती. हात पसरणं काय असतं, हे इथल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही.

2020च्या टाळेबंदीत आम्ही शिधा वाटत होतो. मोबाइल माझ्या हाती. देणगीदारांना हिशेब दाखवायचा ना! राजस्थान सरकारनं त्याच एप्रिलात अन्न वाटताना फोटो काढायला बंदी केली होती. ती बातमी वाचून मी मानही डोलावली होती.

एका बाईनं तोंडावर पदर ओढला. मी म्हणालो, "ताई, जरा इकडे बघा." तिनं पाहिलं. पिशवी हातात असताना नाही कसं म्हणणार?

रात्री तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून तिच्या माहेरी पोचला. सकाळी तिनं पिशवी न सोडताच परत आणली. कवी म्हणवतो मी; शब्द सुचेना. फोटो मी पुसला, पण इतरांच्या मोबाइलमधून कसा पुसणार?

पुढे आम्ही नुसत्या पिशव्यांचे फोटो धाडले. एकाही देणगीदारानं तक्रार केली नाही.