कुशाग्र विद्यार्थी आणि मिश्र वर्ग



२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील बालकांसाठी राखून ठेवल्या आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने, विनाअनुदानित अल्पसंख्याक संस्था वगळून, ही तरतूद वैध ठरविली, तेव्हापासून सुखवस्तू पालकांच्या बैठकींतून एक तक्रार वारंवार कानी येते: ज्यांना घरी शिकवणारे कोणी नाही अशा मुलांसाठी वर्ग थांबणार आणि आमच्या मुलाची बुद्धी गंजणार. या तक्रारीत दारिद्र्य आणि मतिमांद्य ही दोन्ही इतक्या सहजपणे एका दावणीला बांधलेली असतात की, खुद्द तक्रारकर्त्यालाही त्याचा पत्ता नसतो.

या भीतीची शास्त्रीय छाननी झालेली आहे. सवलतीने सरकारी जमीन मिळालेल्या दिल्लीतील खासगी शाळांना २००७ साली गरीब मुलांना मोफत प्रवेश देणे भाग पडले. त्यांतील सधन मुलांविषयी अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी २०१९ साली जो निबंध प्रसिद्ध केला त्यात गणित व हिंदी या विषयांत त्यांची हानी आढळली नाही, इंग्रजीत किंचित घट दिसली (ती झाकून ठेवण्याचे मला कारण नाही), आणि औदार्य मात्र वाढलेले दिसले.

तथापि हानी न होणे निराळे आणि बुद्धीला आव्हान मिळणे निराळे. आमच्याकडे पुढच्या इयत्तेचे पुस्तक आगाऊ उरकणे यालाच आव्हान समजण्याची रूढी पडली आहे, आणि निवडक शाळा मोठ्या ऐटीने जे करतात ते बहुधा एवढेच असते. त्याऐवजी वर्गाला विचारावे: परिमिती २४ सेंटिमीटर असलेल्या आयतांपैकी सर्वाधिक क्षेत्रफळ कोणाचे? कोणी चौकटींच्या कागदावर आयत काढून चौकटी मोजील, कोणी लांबीरुंदीचे कोष्टक मांडून ३६ वर थांबेल, आणि ज्याला तत्काळ ‘चौरस’ हे उत्तर सुचले त्याला गुरुजींनी म्हणावे, ‘चौरसच का, हे या सर्वांना पटवून दे.’ तेथे त्याची खरी कसोटी लागते. कारण शिकवणीवर्गातली तयार रीत ज्याच्या कानावर कधी पडलेलीच नाही असा सोबती सूत्रावर समाधान न मानता ‘पण असे का?’ म्हणून अडून बसतो.

अर्थात साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाकडून हे होणे नाही, आणि या राखीव जागांच्या शुल्कपरताव्याची थकबाकी साचू देणाऱ्या सरकारला शाळांकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तर महाराष्ट्र सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास, खासगी शाळांना २५ टक्के जागांच्या बंधनातून सूट दिली. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती तजवीज रद्द केली म्हणून निभावले.

परिसरातील सर्व मुलांनी एकत्र शिकावे अशा शेजारशाळेची शिफारस करणाऱ्या कोठारी शिक्षण आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, गरीब-श्रीमंतांच्या पृथक् शिक्षणात श्रीमंतांच्या मुलांचेही नुकसान आहे हे १९६६ सालीच नमूद केले होते. आजच्या कायद्याचे छत्र मात्र आठवीअखेर संपते. म्हणजे भूमितीतील सिद्धतांना जेथे खरा रंग चढावयाचा त्या नववीत फी न परवडणारा तो हटवादी सोबती शाळा सोडतो, आणि कुशाग्र विद्यार्थ्याला त्याच्याइतक्याच तयारीच्या, त्याच शिकवणीवर्गातल्या मुलांत बसावे लागते.