लाल गट नको रे बाबा!

इअरफोन नीट लावा, आज थोडं भांडायचंय. विषय आहे ‘साइद’ नावाचा बोर्ड गेम. 2016 साली आला, डिझायनर जेमी स्टेगमायर. 1920 च्या दशकातला एक काल्पनिक युरोप, शेतं आणि त्या शेतांत उभी अवाढव्य लढाऊ यंत्रं. दिसायला एक नंबर!

प्रत्येकाला दोन पाट्या मिळतात. एक तुमच्या गटाची, एक कामांची. कामांच्या पाटीवर चार रकाने. आत्ता जो रकाना वापरला, तो लगेच पुढच्या पाळीला वापरायचा नाही, ठोकळा दुसरीकडे हलवायलाच हवा. अख्ख्या गेमची मजा या एका अडचणीत आहे. हवं ते काम हवं तेव्हा मिळत नाही, म्हणून डोकं चालवावं लागतं.

आणि लाल गट, म्हणजे रुसव्हिएत, यांची खासियत काय? हा नियम त्यांना लागूच नाही. झालं! कॅरमला बसताना एकालाच सांगायचं की तुझा स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेला तरी दंड नाही, तसलाच प्रकार.

सगळ्याच पाट्यांसोबत हे तितकं डोईजड होत नाही. पण ‘इंडस्ट्रियल’ पाटी हातात आली की लाल गाडी सुसाट. पिवळ्या क्रिमियाचंही तसंच. त्यांना पाळीत एकदा लढाईचं पत्तं लाकूड, धान्य, काहीही म्हणून खपवता येतं, आणि ‘पॅट्रियॉटिक’ पाटीसोबत ते फारच जड जातं. मूळ बॉक्समध्ये पाच गट, पाच पाट्या, म्हणजे 25 जोड्या. त्यातल्या या दोन पुढे गेम बनवणाऱ्यांनीच अधिकृतपणे बाद केल्या.

“मग बाकीच्यांनी मिळून त्याला ठोका ना!” हे मला नेहमी ऐकवलं जातं. अरे, पण ठोकणार कोण? लढाईत तुमची ताकद खर्च होते. समोरच्याचे कामगार पळाले तर तुमची लोकप्रियता घसरते, आणि शेवटचे गुण तिच्यावरच ठरतात. दोघं झुंजतात, तिसरा शेती करत बसतो. ‘रूट’मधल्या व्हॅगाबॉंडचं दुखणं हेच. त्याला मारून गुण मिळत नाहीत, आणि तो जंगलात जाऊन विश्रांती घेतो की सगळं सामान परत दुरुस्त.

आमच्या ग्रुपमध्ये एक ताई डोंबिवलीहून यायची. आठवड्यात एवढी एकच संध्याकाळ तिला मोकळी. सलग तिसऱ्या शनिवारी तासाभरातच दिसलं की लालच जिंकणार. या गेममध्ये कुणी बाद होत नाही, त्यामुळे हरलोय हे कळूनही कुणीतरी सहावा तारा लावेपर्यंत बसायचं. ती म्हणाली, “मी पोहे टाकते, तुम्ही चालू द्या.” पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. जिंकणारा मुलगा काही लबाडी करत नव्हता हो, नियमानेच खेळत होता. म्हणून तर राग कुणावर काढायचा तेच कळेना.

आता आम्ही त्या दोन जोड्या वाटतच नाही. गटांची बोली लागते: लाल हवाय? मग शेवटी किती नाणी सोडणार ते आधी बोल. सुरुवातीला दोन-तीनवर जायचा, मागच्या खेपेला अकरावर गेला आणि घेणारा दोन नाण्यांनी हरला! काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू.

तुमच्याकडे लालची बोली किती जाते, कळवा.