परतणारे रक्त आणि रोपिलेली त्वचा

(आरोग्यसेवक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे. तज्ज्ञांचे म्हणणे सामान्यजनांच्या भाषेत पोहोचविणे एवढेच माझे काम. आजचा विषयही त्याच नात्याने मांडीत आहे.

१७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये कोवासजी नामक गाडीवानाची हकीकत प्रसिद्ध झाली. इंग्रज फौजेच्या चाकरीत असताना तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ, विटा करणाऱ्या जातीतील एका कुशल माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक दिले. भुवयांमधील कातडीचा देठ मात्र त्याने लगेच तोडला नाही. त्या देठातून रक्त येत राहिले, म्हणून ते नाक जगले.

आज शल्यविशारद त्वचेचा असा पट्टा, म्हणजे फ्लॅप, शरीरापासून पूर्णपणे सोडवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तवाहिन्या दुसऱ्या जागी जोडतात. १९७३ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे पायाच्या जखमेवर अशी शस्त्रक्रिया झाली. भाजलेले, अपघातात सापडलेले, तोंडाच्या कर्करोगाने ग्रासलेले असंख्य रुग्ण आज तिच्या आधाराने पुन्हा उभे राहतात.

तथापि तोडणे आणि जोडणे यांमध्ये काही काळ त्या त्वचेला रक्त मिळत नाही. आपणांस वाटेल की, रक्त पुन्हा वाहू लागले म्हणजे संकट टळले. वस्तुस्थिती निराळी आहे. दीर्घ उपोषण सोडताना आपण एकदम पंचपक्वान्नांचे ताट वाढीत नाही. उपाशी शरीराला ते सोसत नाही. पेशींचेही तसेच घडते. प्राणवायूविना राहिलेल्या पेशींतील रासायनिक घडी विस्कटलेली असते. प्राणवायू अकस्मात परतला की त्यापासून ‘मुक्त मूलके’ नामक विध्वंसक रेणू निर्माण होतात व पेशींची आवरणे फाडतात. पाठोपाठ रक्तातील पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांना चिकटून वाट रोखतात. सूज येते, आणि जोडलेली मुख्य वाहिनी वाहती असूनही त्वचा काळी पडू शकते.

या आघातापासून संरक्षण देण्यासाठी शरीरातील संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोनांचा, शोध चालू आहे. मेंदूतील पीनियल ग्रंथीतून रात्री स्रवणारे मेलॅटोनिन १९५८ साली एरन लर्नर या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने प्रथम वेगळे केले. ते मुक्त मूलकांना निष्प्रभ करते, हे १९९३ साली पुढे आले. उंदरांवरील प्रयोगांत ते दिलेल्या त्वचापट्ट्यांचे नुकसान कमी झालेले आढळले. स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या रुंदावते व पांढऱ्या पेशींचे चिकटणे कमी करते. अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांसारखी स्टेरॉइडे दाह शमवितात. पण त्यांनी जखम भरण्यास विलंब होतो आणि जंतुसंसर्गाचे भय वाढते. मूत्रपिंडात तयार होणारे एरिथ्रोपोएटिन पेशींना मरणापासून वाचविते. परंतु त्याने रक्त दाट होऊन गुठळीचा धोका संभवतो, आणि नुकत्याच जोडलेल्या नाजूक वाहिनीत गुठळी म्हणजे सर्वनाशच.

येथेच आपली, प्रचाराचे काम करणाऱ्यांची, कसोटी आहे. या संप्रेरकांविषयीचा त्वचेच्या बाबतीतील पुरावा प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांतून आला आहे. रुग्णांसाठी तो अद्याप नित्याचा उपचार झालेला नाही. उंदरावरील यशाला ‘रामबाण औषध’ म्हणून मथळा देणे सोपे असते. पण तो मथळा वाचून एखादे कुटुंब दुकानातून गोळ्या आणील व रुग्णास देईल, तर ते पाप आपल्या पदरी पडेल.

मग लोकांना काय सांगावे? जे आजच हातात आहे ते. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर धूम्रपान पूर्ण बंद ठेवावे, कारण निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते. पहिले दोन-तीन दिवस परिचारिका तासातासाला त्वचेचा रंग व ऊब तपासते. त्यास त्रास मानू नये. रंग बदलल्याचे दिसताच तिला कळवावे. बोट तुटल्यास ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट प्रत्यक्ष बर्फावर कदापि ठेवू नये. मग विनाविलंब रुग्णालय गाठावे.

पुण्याच्या त्या अनाम कारागिराने देठ राखला आणि वाट पाहिली. संशोधकांना तेवढाच वेळ देऊ या. रुग्णाचा वेळ मात्र एक क्षणही दवडू नये, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.