सरासरीचा हिशेब



ह्या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘परिव्ययशास्त्र, संख्याशास्त्र आणि संगणकाची कार्यप्रणाली’ असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, “सर, लोक संध्याकाळी इथे थोडी हवा खायलाही येतात!” त्यांची चिंता अनाठायी नव्हती. काल ह्याच व्यासपीठावर संतवाङ्मय झाले, उद्या इतिहास आहे; मधल्या दिवशी आकडेमोडीची वही उघडणे हे पंगतीत पुरणपोळीनंतर कारले वाढण्यासारखेच आहे. तरीही आम्ही हट्ट धरला, त्याला एक कारण आहे.

गेल्या वर्षी ह्याच गावातील एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. मुलीला नुकताच महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. हातात तिची तीन पुस्तके होती. ती टेबलावर ठेवून ते म्हणाले, “ह्यात कारखान्याचा खर्च, ह्यात सरासऱ्या आणि ह्यात यंत्राच्या पोटातला कारभार. एका पोरीने एका वर्षात तीन दिशांना जायचे कसे?” आम्ही मास्तरी उत्तर दिले, की अभ्यासक्रम तसाच ठरलेला आहे. गृहस्थ नमस्कार करून गेले. त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. त्या दिवशी राहिलेले उत्तर आज देण्याचा विचार आहे.

आमच्या मते ही तीनही शास्त्रे एकाच ओट्यावर बसलेली आहेत. एक वस्तू असते आणि वाटेकरी अनेक असतात. घर एक, त्याचे भाडे अनेक वस्तूंवर पडायचे. आकडा एक, त्यात अनेक माणसे मावायची. यंत्र एक, त्यावर अनेक कामे व्हायची. अशा वेळी माणसाच्या हाताशी पहिले हत्यार येते ते भागाकाराचे. एकूण घ्या, संख्येने भागा, सरासरी काढा. हे हत्यार उपयोगाचे आहे. परंतु ते कुणाला कापते हे पाहायला शिकणे, हाच ह्या तीनही विषयांचा पहिल्या वर्षाचा खरा धडा आहे.

प्रथम परिव्यय, म्हणजे वस्तू तयार होण्यास पडणारा खर्च. येथे आम्हांला स्वतःचीच एक चूक सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या गृहोद्योग संस्थेने आम्हांला हिशेब पाहण्यास बोलावले. तेथे बायका पापड, मसाला आणि शेवया करीत. जागेचे भाडे, कारकुनाचा पगार, दिवाबत्ती असा सगळ्यांचा सामाईक खर्च होता. आकडे सोपे करून सांगतो. हा सामाईक खर्च महिना ३०,००० रुपये. तो तीन खात्यांवर दहा-दहा हजार टाकलेला. पापडांची विक्री ८०,०००, आणि डाळ, मजुरी इत्यादी थेट खर्च ६०,०००. मसाल्याची विक्री ६०,०००, थेट खर्च ४५,०००. शेवयांची विक्री २४,०००, थेट खर्च १८,०००. आता आपणच वजाबाकी करा. पापडांत नफा १०,०००, मसाल्यात ५,०००, आणि शेवयांत तोटा ४,०००. संस्थेचा एकूण नफा ११,०००.

आम्ही तरुण होतो, पदवी ताजी होती. चष्मा सावरून आम्ही सांगितले, “शेवया बंद करा, तोटा वाचेल.” संचालकांनी मान डोलावली. शेवयांचे काम करणाऱ्या सात बायकांना निरोप गेला. त्यांतली एक वयस्क बाई जाताना आमच्यापाशी थांबली आणि म्हणाली, “मास्तर, जागेचं भाडं काय आमच्या शेवयांमुळं वाढलं होतं व्हय?” आम्ही काहीतरी पुटपुटलो.

पुढच्या महिन्याचा ताळा आला. शेवयांची विक्री गेली, तिचा थेट खर्चही गेला. पण भाडे जिथल्या तिथे, कारकून जिथल्या तिथे. ३०,००० रुपये आता दोघांवर पंधरा-पंधरा हजार पडले. पापडांचा नफा ५,०००, मसाल्याचा शून्य. ११,००० चा नफा ५,००० वर आला. त्यावर एका संचालकांनी विचारले, “मग आता मसालाही बंद करायचा का?” तसे केले असते तर सगळे भाडे एकट्या पापडांच्या डोक्यावर बसून १०,००० चा तोटा झाला असता, आणि आमच्याच तर्काने अखेरीस पापडही बंद! तोट्याचा एकेक अवयव कापता कापता रोगीच संपला असता.

चूक कुठे होती? खर्च दोन जातींचे असतात. काही मालाबरोबर वाढतात आणि मालाबरोबर घटतात. ते बदलते खर्च. काही माल होवो न होवो, चालूच राहतात. ते स्थिर खर्च. शेवया आपला बदलता खर्च भागवून दरमहा ६,००० रुपये घरभाड्यासाठी आणून देत होत्या. ह्या शिलकेला शास्त्रात ‘अंशदान’ म्हणतात. आम्ही कमावत्या सुनेला खाणारे तोंड समजलो. तिच्या माथी मारलेले १०,००० हे तिने केलेले कर्ज नव्हते. आम्ही केलेली वाटणी होती. म्हातारीने एका वाक्यात जे विचारले, ते आमच्या पाठ्यपुस्तकात एका प्रकरणभर लिहिलेले होते. ते आम्ही परीक्षेसाठी वाचले होते.

हा धडा जुना आहे. १७७२ साली इंग्लंडात मंदी आली, तेव्हा स्टॅफर्डशायरमधील प्रख्यात कुंभकार जोसाया वेजवुड आपल्या फुलदाण्यांचा खर्च मांडीत बसला. त्याला आढळले, की भाडे, काही पगार असे कित्येक खर्च माल थोडा निघो की पुष्कळ, घड्याळाच्या काट्याप्रमाणे चालूच राहतात. म्हणून तोच खर्च अधिक नगांवर पसरला तर प्रत्येक नग स्वस्त पडतो. एवढा मोठा व्यवहारी पुरुष. पण हे कळायला त्यालाही मंदीच यावी लागली. येथे एक सावधगिरीची सूचना देतो. शेवयांच्या जागेत ६,००० पेक्षा अधिक देणारे दुसरे काम मिळत असते, तर निर्णय वेगळा झाला असता. आणि स्थिर खर्च कुणीच भागवायचा नाही असे म्हणूनही दुकान चालत नाही. मुद्दा एवढाच, की प्रत्येक नगाचा खर्च विचारण्याआधी ‘हे बंद केले तर खरोखर काय वाचेल?’ असे विचारावे.

आता संख्याशास्त्र. समजा, एका वाड्यात दहा कुटुंबे आहेत. नऊ कुटुंबांची मिळकत महिना ८,००० आणि दहाव्याची १,२८,०००. बेरीज दोन लाख, सरासरी २०,०००. सगळा वाडा कागदावर एकदम सुखवस्तू झाला! वीस हजार मिळवणारे मात्र त्यात एकही घर नाही. म्हणून विद्यार्थ्याला दुसरे माप शिकवतात. सर्वांना मिळकतीप्रमाणे ओळीने उभे करा आणि मधला माणूस पाहा. ह्याला मध्यक म्हणतात, आणि तो येथे ८,००० आहे. तिसरी गोष्ट शिकवतात ती विचलनाची, म्हणजे माणसे मध्यापासून किती दूर विखुरलेली आहेत ह्याची. विचलन न सांगता सरासरी सांगणे म्हणजे गावाचे नाव सांगून रस्ता न सांगणे.

हे पुस्तकी कोडे नाही. ह्यावर महाराष्ट्राच्या दोन सुपुत्रांमध्ये मोठा वाद झालेला आहे. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावर आपला प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला. दरडोई दररोज २,२५० उष्मांक देणारे अन्न मिळवण्यास किती खर्च लागतो, ह्यावरून त्यांनी रेषा आखली. १९६०–६१ च्या सुमारास ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली आहेत, असे त्यांनी दाखवले. त्या आकड्यांनी देशाची झोप उडवली, आणि ती उडायलाच हवी होती. परंतु सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम केलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे, की सरासरी गरज ही सगळ्यांची किमान गरज नव्हे. निरोगी माणसांतही एकाला कमी लागते, दुसऱ्याला अधिक. इतकेच काय, त्याच माणसाची गरजही दिवसादिवसाला बदलते. सरासरीच्या खाली खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी म्हणाल, तर मोजणी फुगेल. दांडेकरांनीही ह्याला उत्तरे दिली आणि वाद वर्षानुवर्षे चालला. गरज शरीर भागवते की मन मारून भागवली जाते, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. आम्ही येथे निवाडा देण्यास उभे नाही. एक मात्र पाहा: भारतात उपाशी किती, हा प्रश्न एका सरासरीचा अर्थ काय लावायचा ह्यावर येऊन ठेपला. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातील ‘विचलन’ हा शब्द कोट्यवधींच्या ताटापर्यंत पोहोचतो तो असा.

तिसरे शास्त्र संगणकाच्या कार्यप्रणालीचे. नाव भारदस्त आहे. पण कार्यप्रणाली म्हणजे यंत्रातला कारभारी. आपल्या खिशातल्या फोनवर एकाच वेळी गाणे वाजते, नकाशा हलतो, निरोप येतात. आत प्रत्यक्ष राबणारे हात थोडे आणि कामे शेकड्यांनी. कोणाचा नंबर आधी, हे कारभारी ठरवतो.

त्यासाठी पिठाच्या गिरणीवर जाऊ. तीन दळणे आली आहेत: एक लग्नघरचे, वीस मिनिटांचे, दुसरे पाच मिनिटांचे, तिसरे दोन मिनिटांचे. आल्या क्रमाने दळले तर पहिल्याला थांबावे लागत नाही, दुसरा २० मिनिटे थांबतो, तिसरा २५. सरासरी १५ मिनिटे. आता लहान डबा आधी घेतला तर? दोन मिनिटांचा थांबतच नाही, पाच मिनिटांचा २ मिनिटे थांबतो, लग्नघरचा ७; सरासरी ३ मिनिटे! पंधरावरून तीन. गणिताने सिद्ध करता येते, की सगळी दळणे हजर असतील तर सरासरी थांबणे ह्याहून कमी करणारा क्रमच नाही.

आपण टाळ्या वाजवणार, तेवढ्यात एक लहान डबा येतो. मग दुसरा. मग तिसरा. दर वेळी तो लहान, म्हणून तो आधी. सरासरी उत्तम चालली आहे, आणि लग्नघरचा माणूस सकाळपासून पोत्यावर बसून आहे. ह्या अवस्थेला संगणकशास्त्राने जे नाव दिले आहे त्याचा अर्थ ‘उपासमार’ असाच आहे. गिरणीच्या दारात, पिठाच्या वासात उपासमार! त्यावरचा उपाय मात्र फार माणुसकीचा आहे. जो जितका वेळ थांबला तितका त्याचा मान वाढवत न्यायचा. केव्हातरी पोतेवाल्याचा मान सगळ्या डब्यांच्या वर जातो आणि त्याचा नंबर लागतोच.

दुसरी रीत पंगतीची. वाढपी एकाच्या पानात सगळा भात ओतून मग दुसऱ्याकडे जात नाही. प्रत्येकाला थोडे थोडे वाढत फेऱ्या मारतो. यंत्रही प्रत्येक कामाला सेकंदाचा अगदी बारीक अंश देते आणि पुढे सरकते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९६१ साली फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी काळवाटणी करणारी प्रणाली चालवून दाखवली. एकाच यंत्रापुढे अनेक जण बसले आणि यंत्र आपलेच आहे असे प्रत्येकाला वाटले. पण वाढपी एकेक शीत वाढू लागला तर? त्याचा सारा वेळ चालण्यात जाईल. एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यास यंत्रालाही खर्च पडतो. हा कुणाच्याही खात्यावर सरळ न पडणारा वरखर्च म्हणजे पुन्हा ते घरभाडेच! आणि कोणते काम लहान हे गिरणीवाल्याला डबा पाहून कळते, यंत्राला आधी कळत नाही. ते मागच्या अनुभवाची सरासरी काढून अंदाज बांधते. म्हणजे परिव्यय आणि संख्याशास्त्र दोन्ही त्या पेटीत शिरून बसलेली आहेत.

त्या गृहस्थांना आता आम्ही सांगू, की आपली मुलगी तीन दिशांना जात नाही. ती एकच गोष्ट तीन ठिकाणी शिकते आहे. सरासरीवाचून कारभार चालत नाही. नगरपालिकेचे पाणी, दवाखान्याची रांग, शाळेचा निकाल, सगळीकडे ती लागणारच. ती जरूर काढावी. मात्र काढल्यावर कागद बाजूला ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही वाटणी कुणी केली? ह्या आकड्यापासून सर्वांत दूर कोण उभे आहे? आणि सकाळपासून थांबलेला कोण आहे?

शेवयांचे खाते चार महिन्यांनी पुन्हा सुरू झाले. सातांपैकी पाच बायका परत आल्या. आम्हांला तो प्रश्न विचारणारी त्यांत नव्हती. ती मुलाकडे गावी निघून गेली होती, असे कळले. तिला उत्तर द्यायचे राहूनच गेले. ‘नाही बाई, भाडे तुमच्यामुळे वाढले नव्हते,’ एवढे एक वाक्य. ते आज ह्या सभेत मोठ्याने म्हणून आम्ही रजा घेतो.